डब्यातली अकरा नाणी, आणि ती कुठून वाचायला घ्यावीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही सुटलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही लेस्टरला राहता. रविवारच्या जुन्या बाजारात तुम्हाला बिस्किटाच्या डब्यात अकरा नाणी मिळाली. आठ अंगठ्याच्या नखाएवढी, काळपट हिरवी. एक मोठं, जाड, त्यावर इंग्रजी 'एम'सारखं अक्षर. एक चांदीसारखं, घुबडाचं. आणि एक राखाडी, जड चकती, जिच्यावर काहीच धड दिसत नाही. बाबा सांगलीला शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) जमवतात, त्यांना दिवाळीला ही नाणी द्यायची आहेत. आई फोनवर म्हणाली, चिंच-मिठानं घास, लख्ख होतील. तुमचे प्रश्न तीन: कोणत्या राजाची, खरी का, आणि किंमत किती.

मी तेवीस वर्षं इंग्लंडात आहे आणि त्यातली एकोणीस चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी जमवण्यात गेली. शेतात सापडलेल्या नाण्यांची नोंद करण्याच्या कामातही स्वयंसेवक म्हणून बसतो. त्या अनुभवावरून सांगतो, 'राजा कोण' हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुटतो. काही नाण्यांच्या बाबतीत तो सुटतच नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे: हातात फक्त धातूचे तुकडे आहेत, ते कुठून आले ते माहीत नाही, आणि बाबांना देताना सोबतच्या चिठ्ठीवर खात्रीनं काय लिहायचं ते ठरवायचं आहे.

सगळ्यात आधी चिंच, कारण बाकी कुठलीही चूक मागे घेता येते, ही येत नाही.

आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं घासतात. भांड्याच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण आत भरपूर धातू शिल्लक असतो आणि वरचं काळं जावं हाच हेतू असतो. सोळाशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं तसं नसतं. त्याच्या पृष्ठभागावरच्या तांब्याचं हळूहळू ऑक्साइड आणि कार्बोनेट झालेलं असतं. राजाचं नाक, अक्षरांच्या कडा, सैनिकाचा भाला हे सगळं आता त्या थरात असतं, खालच्या धातूत नसतं. आम्ल तो थर खातं, आणि त्याबरोबर चित्रही जातं. मी पहिल्याच वर्षी लांडगीचं एक छान नाणं रात्रभर लिंबाच्या रसात ठेवलं होतं. सकाळी हातात नारिंगी, खड्ड्याखड्ड्यांची चकती आली. लांडगी नव्हती, तिचं दूध पिणारी दोन्ही मुलंही नव्हती. आजही ते वाईट वाटणं गेलेलं नाही.

चिंचेसोबतचं मीठ तर आणखी घातक. मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरलं की हवेतल्या ओलाव्याबरोबर एक साखळी सुरू होते: क्लोराइडपासून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. निरोगी हिरवा थर कडक, गुळगुळीत आणि गडद असतो. रोगट हिरवा फिकट असतो, पिठासारखा, आणि लाकडी टूथपिकनं टोकरला की भुकटी होऊन पडतो. तुमच्या पाचव्या नाण्याच्या कडेला फोटोत तसा एक फिकट ठिपका दिसतो आहे. ते आजच बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

करायचं एवढंच. मिनरल वॉटर नको, नळाचंही नको, डिस्टिल्ड वॉटर आणा. प्रत्येक नाणं वेगळ्या वाटीत बुडवून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, अधूनमधून मऊ टूथब्रश फिरवा, आणि मऊ झालेली माती टूथपिकनं काढा. याला आठवडे लागतात, कधी महिने. दिवाळीपर्यंत सगळी उजळणार नाहीत. न उजळलेलंच बाबांना द्या. मातीसकट दिलेलं नाणं ते स्वतः नंतर स्वच्छ करू शकतील, घासून गेलेलं कुणालाच परत आणता येणार नाही. सुकवताना पूर्ण सुकवा. आणि सांगलीच्या पावसाळ्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला. बाबांचे अल्बम मऊ पीव्हीसीचे असतील तर ही नाणी त्यात नकोत. त्या प्लास्टिकमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. त्यांच्या शिवरायांनाही तोच धोका आहे, हे त्यांना जरूर सांगा.

आता ओळख. लागतं काय, तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, एक व्हर्निअर कॅलिपर आणि मोबाइलचा टॉर्च. टॉर्च वरून मारू नका. नाणं टेबलावर ठेवा, खोली अंधारी करा, उजेड जवळजवळ आडवा येऊ द्या आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. समोरून सपाट दिसणाऱ्या नाण्यावर अशा तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या उठतात. एका कोनात एक अक्षर दिसतं, दुसऱ्या कोनात शेजारचं. जे दिसेल ते कागदावर वर्तुळ काढून, त्याच जागी लिहीत जा. न दिसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. अंदाजानं अक्षर भरू नका, कारण एकदा भरलं की डोळा तेच बघायला लागतो.

बहुतेक नवे लोक छाप्यापासून, म्हणजे चेहऱ्यापासून सुरुवात करतात. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या नाण्यांसाठी ते ठीक आहे. नीरोची जाड मान, हेड्रियनची दाढी, व्हेस्पेशियनचं टक्कल एकदा पाहिलं की विसरत नाही. पण तुमची आठ नाणी चौथ्या शतकातली आहेत, आणि तोवर चेहरा हे माणसाचं चित्र राहिलेलं नव्हतं, ते पदाचं चित्र झालं होतं. कॉन्स्टंटाइन आणि त्याची मुलं नाण्यांवर जवळजवळ एकाच साच्यातली दिसतात. चेहऱ्यापेक्षा डोक्यावर काय आहे ते बघा. पानांचा मुकुट असेल तर काळ बराच मागचाही असू शकतो. सूर्यकिरणांसारखे काटे असलेला मुकुट तिसऱ्या शतकात फार सापडतो, कारण २१५ मध्ये सम्राट काराकल्लानं सुरू केलेल्या मोठ्या चांदीच्या नाण्याची ती खूण होती आणि पुढे चांदी संपून ते नाणं तांब्याचं झालं तरी मुकुट तसाच राहिला. मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी, जिला डायडेम म्हणतात, ती ३२४-३२५ च्या सुमारापासून दिसते. तुमच्या आठपैकी निदान पाचांवर मला पट्टी दिसते. म्हणजे नाव न वाचताच आपण ३२४ च्या पुढे आलो.

मग काटा, म्हणजे नाण्याची मागची बाजू, बघा. चौथ्या शतकातल्या नाण्यांवरची मागची चित्रं मोजकीच, आणि प्रत्येकाची वर्षं बऱ्यापैकी पक्की आहेत. त्यामुळे अक्षर न वाचता आलेलं नाणंही दहा-बारा वर्षांच्या टप्प्यात बसवता येतं.

तुमच्या क्रमांक एक, तीन आणि चार या नाण्यांवर दोन सैनिक समोरासमोर उभे आहेत आणि मध्ये निशाणाचा दांडा. हे 'ग्लोरिया एक्झर्किटुस', सैन्याचा गौरव. दांडे किती आहेत ते मोजा. दोन असतील तर ३३० ते ३३५. एकच असेल तर ३३५ नंतर, साधारण ३४१ पर्यंत. हा बदल सजावटीचा नाही. नाण्याचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास होतं, ते दीडवर आणलं, चकती लहान झाली आणि दोन दांडे मावेनात. तुम्ही तिसऱ्याचं वजन १.४३ ग्रॅम आणि व्यास १५.४ मिलिमीटर दिला आहे, आणि दांडा एक आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत, त्यामुळे या नाण्याच्या काळाबद्दल मला शंका नाही. एक दांडा आणि वजन चार ग्रॅम असं काही समोर आलं असतं तर मी थांबलो असतो.

क्रमांक दोनवर लांडगी आणि दोन मुलं, पुढे शिरस्त्राण घातलेली बाई. ती रोम नगरी. कॉन्स्टंटाइननं ११ मे ३३० ला नव्या राजधानीचं, कॉन्स्टंटिनोपलचं, लोकार्पण केलं. त्या निमित्तानं दोन्ही शहरांच्या नावानं नाणी पाडली गेली. जुन्या रोमच्या वाट्याला लांडगी आली, नव्या शहराच्या वाट्याला नावेच्या नाळेवर उभी असलेली विजयदेवी. यांच्यावर राजाचं नावच नाही. तुम्ही 'कोणता राजा' म्हणून शोधत बसला असता तर हे नाणं कधीच सापडलं नसतं.

सहा आणि सातवर सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारतो आहे. हे 'फेल टेंप रेपारात्सियो', सुखाचे दिवस परत आले असा अर्थ. ही मालिका ३४८ ला सुरू झाली. सुरुवातीची नाणी मोठी आणि देखणी, पुढे ती आकसत गेली. तुमची सतरा मिलिमीटरची आहेत, म्हणजे ३५० च्या दशकातली. सुखाचे दिवस परत आल्याचं सांगणारं नाणंच वर्षागणिक लहान होत गेलं, हे मला दर वेळी अस्वस्थ करतं. पाच आणि आठ मात्र इतकी मातीत आहेत की त्यांच्याबद्दल आत्ता बोलणं म्हणजे अंदाज करणं होईल.

इथवरचं एकदा जोडून घेऊ. धातू, वजन आणि व्यास यांनी शतक ठरलं. डोक्यावरच्या पट्टीनं ते आणखी आवळलं. मागच्या चित्रानं दशकापर्यंत आणलं. अजून एकही नाव वाचलेलं नाही.

आता नाव. तिसऱ्या नाण्यावर तुम्हाला 'एन-एस-टी-ए-एन-टी-आय' अशी अक्षरं दिसली आणि तुम्ही 'कॉन्स्टंटाइन द ग्रेट' लिहून मोकळे झालात. इथे घाई झाली. त्या काळात नाण्यांवर जवळजवळ सारखी दिसणारी तीन नावं येतात: कॉन्स्टँटिनुस, कॉन्स्टँटियुस आणि कॉन्स्टँस. बाप कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या हयात मुलांतला थोरला यांचं नाव तर एकच. तुम्ही वाचलेल्या तुकड्यात 'ए-एन' नंतर 'टी' आहे, म्हणून कॉन्स्टँस बाद, कारण त्याच्या नावात तिथे 'एस' येतो. उरले दोन, आणि निकाल लागतो पुढच्याच अक्षरावर. 'आय' नंतर 'एन' असेल तर कॉन्स्टँटिनुस, 'व्ही' असेल तर कॉन्स्टँटियुस. 'यू'साठी 'व्ही'च कोरतात, त्यामुळे 'यू' शोधू नका. नेमकं हेच अक्षर तुमच्या फोटोत मुकुटाच्या टोकाजवळ झाकलं गेलं आहे.

तेव्हा शेवटाकडे जा. नाण्यावरच्या लेखाचा शेवट नावापेक्षा जास्त बोलतो. 'मॅक्स ऑग' असेल तर थोरला कॉन्स्टंटाइन. 'इयुन नोब सी' असेल तर त्याच नावाचा मुलगा, अजून युवराज असताना. 'पी एफ ऑग' म्हणजे पुण्यवान, भाग्यवान सम्राट. एका दांड्याच्या नाण्यावर ते बहुधा मुलांपैकी कुणीतरी, आणि मग काळ बापाच्या मृत्यूनंतरचा, म्हणजे ३३७ नंतरचा. सुरुवातीला 'एफ-एल' दिसलं तर ते फ्लाव्हियुस. अक्षरं सलग कोरलेली असतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि मध्ये राजाचं डोकं आलं की शब्द तिथेच तोडून पलीकडे चालू करतात. मोडी वाचणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही. तिथेही शब्द कुठे संपला ते आपणच ठरवायचं असतं. बाबांना तर याची दुहेरी सवय असणार: शिवराईवर ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यानं 'श्री राजा शिव' पूर्ण क्वचितच उमटतं, कुठे 'श्री' कडेबाहेर जातो, कुठे 'शिव' अर्धा. तरी जाणकार उरलेल्या काना-मात्रेवरून प्रकार सांगतात. रोमन नाण्याला हीच दृष्टी लागते. मला वाटतं तुमच्यापेक्षा बाबा ही आठ नाणी लवकर वाचतील.

मागच्या चित्राखाली एक आडवी रेघ असते आणि तिच्या खाली टांकसाळीची खूण. नवे लोक तिकडे बघतच नाहीत; मी सगळ्यात आधी बघतो. तिसऱ्या नाण्यावर तिथे 'एस-एम' आणि पुढे एका उभ्या दांड्याचं अक्षर दिसतं. 'एस-एम' म्हणजे सम्राटाची टांकसाळ, पवित्र नाणं. पुढचं अक्षर गावाचं. उभा दांडा 'एच'चा असेल तर हेराक्लिया, 'एन'चा असेल तर निकोमिडिया, 'के'चा असेल तर किझिकस. तीनही गावं आजच्या तुर्कस्थानात, मार्मारा समुद्राच्या काठी. 'ए' असतं तर अँटिऑक किंवा अलेक्झांड्रियाचा विचार करावा लागला असता, पण 'ए' तिरका असतो. अगदी शेवटी आणखी एक अक्षर येतं ते टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक. पूर्वेकडे ग्रीक अंक, अल्फा एक, बीटा दोन. पश्चिमेकडे लॅटिनमधल्या पहिला, दुसरा यांची आद्याक्षरं, पी आणि एस.

या एका खुणेवरून मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती तुम्ही विचारलेली नव्हती. ब्रिटनच्या शेतांत ३३० च्या दशकातली जी नाणी सापडतात ती बहुतांश ट्रियर, लिऑन आणि आर्ल इथली, म्हणजे पश्चिमेकडची. लंडनची स्वतःची टांकसाळ तर ३२५ लाच बंद झाली होती. मार्माराकाठचं नाणं इथे सापडूच शकत नाही असं नाही, पण डब्यात अशी दोन-तीन निघाली तर ती लेस्टरशायरच्या मातीतली नसून बाल्कन किंवा तुर्कस्थानातून घाऊक आलेल्या मालातली असण्याची शक्यता जास्त. अशा मालात नाणं कोणत्या शेतात, कशासोबत निघालं ही माहिती कायमची गेलेली असते. म्हणून विक्रेत्या बाईंना पुन्हा भेटाल तर त्यांनी डबा कुठून घेतला ते विचारा. 'नवऱ्यानं सत्तरच्या दशकात घेतली होती' एवढं वाक्य मिळालं तरी ते लिहून, तारीख घालून, सोबत ठेवा.

आता ते मोठं नाणं. मला विचाराल तर डब्यातलं सगळ्यात बोलकं तेच आहे.

त्यावरचं 'एम' हे अक्षर नाही, तो अंक आहे. ग्रीकमध्ये एम म्हणजे चाळीस. ४९८ मध्ये सम्राट अनास्टासियुसनं तांब्याची नाणी नव्यानं बांधली, कारण तोवर व्यवहारात एकीकडे सोनं आणि दुसरीकडे बोटावर न ठरणारे, ग्रॅमभरही नसलेले नुम्मुस एवढंच उरलं होतं. त्यानं चाळीस नुम्मुसांचं एक नाणं काढलं आणि त्यावर ठळक 'एम' टाकला. वीसवर 'के', दहावर 'आय', पाचवर 'ई'. ज्याला वाचता येत नाही त्यालाही नाणं केवढ्याचं ते कळावं अशी ही सोय. आपण या नाण्यांना बायझंटाइन म्हणतो. ती पाडणारे स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत होते.

तुमच्या फोटोत 'एम'च्या डाव्या बाजूला उभी अक्षरं आहेत, 'ए-एन-एन-ओ', म्हणजे अमुक वर्षी. उजवीकडे वर 'एक्स', खाली 'आय', म्हणजे राजवटीचं अकरावं वर्ष. तळाला 'एन-आय-के-ओ', निकोमिडिया. हे पाडणाऱ्यांनी गाव आणि साल दोन्ही लिहून ठेवलं आहे. चौथ्या शतकातल्या नाण्यांपुढे ही मोठीच मेजवानी. छापा घासलेला आहे, लेख वाचता येत नाही, पण दोन आकृत्या शेजारीशेजारी बसलेल्या स्पष्ट आहेत. एवढं पुरे. दुसरा जस्टिन आणि त्याची राणी सोफिया. जस्टिन ५६५ च्या नोव्हेंबरात गादीवर आला, तेव्हा अकरावं वर्ष म्हणजे ५७५-५७६.

जस्टिन हा जस्टिनियनचा भाचा, सोफिया ही थिओडोराची भाची. तांब्याच्या रोजच्या नाण्यावर राणी राजाच्या बरोबरीनं सिंहासनावर बसलेली दिसणं ही त्या काळी नवी गोष्ट होती. आणि वर्ष बघा. ५७३ मध्ये इराणी फौजेनं दारा हा सरहद्दीवरचा किल्ला घेतला, ती बातमी ऐकून जस्टिनचं मन ढळलं आणि पुरतं सावरलं नाही. ५७४ च्या अखेरीस सोफियाच्या आग्रहानं टिबेरियुसला कैसर, म्हणजे दुय्यम सम्राट, नेमलं गेलं आणि कारभार ती दोघं पाहू लागली. तुमचं नाणं त्यानंतरचं आहे. निकोमिडियाच्या बाजारात ज्यानं हे नाणं हातात घेतलं त्याला राजा-राणी ऐटीत बसलेले दिसत होते, आणि समुद्रापलीकडच्या राजवाड्यात राजाला स्वतःचं भान नव्हतं. सोळा मिलिमीटरच्या सैनिकांपेक्षा हे नाणं बाबांच्या हातावर आधी ठेवा.

जाता जाता एक. पुढे कधी 'एम'चं असं नाणं मिळालं ज्याच्यावर दोन चित्रं एकमेकांत घुसलेली वाटतात, तर ते खराब समजून टाकू नका. हिराक्लियसच्या काळात, ६१० नंतर, आधीच्या सम्राटांच्या नाण्यांवरच नवे ठसे मारण्याची पद्धत होती. बाबांना हे सांगताना जोगळटेंभीचं नाव घ्या, ते लगेच ओळखतील: नाशिकजवळच्या त्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खालचं नाणं वाचता आलं की कोण कुणानंतर आलं याचा पुरावाच हाती येतो.

घुबडाबद्दल वाईट बातमी आहे. अथेन्सचं चार द्राख्मांचं नाणं, एका बाजूला शिरस्त्राणातली अथीना, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, हे सुमारे १७.२ ग्रॅमचं असतं. एक द्राख्मा ४.३ च्या आसपास. तुमचं ९.८ ग्रॅमचं आहे, आणि त्या वजनाला या मालिकेत जागाच नाही. शिवाय कडेला तुम्ही म्हणता ती रेघ साच्याच्या दोन अर्धांचा सांधा आहे, आणि घुबडाच्या पोटावरचे बारीक खड्डे ओतताना अडकलेल्या हवेचे आहेत. जुनी नाणी ठोकून पाडत, ओतून नाही (काही अपवाद आहेत, पण अथेन्सचं घुबड त्यात नाही). ही पर्यटकांसाठीची प्रतिकृती. आपल्याकडे नाणं वाजवून घेतात, पण खरं वाटणारं जुनं चांदीचं नाणं फरशीवर वाजवू नका. मातीत राहून चांदी ठिसूळ होते आणि तुकडे पडतात. तुम्हाला खरंखुरं अथेन्सचं घुबड स्वस्तात हवं असेल तर ग्रीसचा एक युरो मिळवा, त्यावर तेच नाणं कोरलेलं आहे.

राखाडी चकती शिशाची आहे. रोमन काळात शिशाची टोकनं होती, धान्यवाटप, स्नानगृह, मेजवानी अशा कामांसाठी ती वापरात असावीत असं मानतात. पण शिशाची टोकनं आणि मालाच्या गाठींची मोहरं इंग्लंडात मध्ययुगात आणि त्यानंतरही भरपूर बनली, आणि चित्र गेलेलं असताना त्यांच्यात फरक करणं फोटोवरून मला जमणार नाही. ही प्रत्यक्ष पाहावी लागेल. तोवर हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती लागू देऊ नका.

किमतीचं सरळ सांगतो. लहान आठ नाणी स्वच्छ आणि वाचनीय असती तर एकेक पाच-दहा पाउंडांची, आत्ताच्या अवस्थेत त्याहून कमी. सोफियाचं थोडं जास्त. घुबडाचं काही नाही. ही नाणी टांकसाळींनी अफाट संख्येनं पाडली आणि म्हणूनच तुमच्या-माझ्यासारख्याला ती परवडतात. पैसे गुंतवायचे म्हणून घेतली असतील तर निराशा होईल.

भारतात नेण्याआधी दोन गोष्टी बघा. ब्रिटनमधून पुरातन वस्तू बाहेर नेण्याचे परवाने आर्ट्स काउन्सिल इंग्लंड देतं. वस्तू इथल्या मातीतली की बाहेरून आलेली यावर नियम बदलतो, म्हणून त्यांना आधी लिहून विचारा. आणि भारतात १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरातन वस्तू ठरते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे नाणी सांगलीला गेली की तिथेच राहतील असं धरून चाला. 'बाबांनी पाहिली की पुढच्या खेपेला परत आणतो' असं मनात असेल तर नेऊ नका, चांगले फोटो न्या. पावती, वजनं आणि फोटो यांची एक प्रत सामानात ठेवा आणि कस्टम्सला विचारलं तर सरळ दाखवा.

चिठ्ठ्यांचा मजकूर असा असावा. तिसऱ्यासाठी: 'रोमन, तांबं, १५.४ मिमी, १.४३ ग्रॅम, दोन सैनिक व एक निशाण, ३३५ ते ३४१, कॉन्स्टंटाइनचं घराणं, टांकसाळ हेराक्लिया, निकोमिडिया किंवा किझिकस.' यात राजाचं नाव नाही, तरी ही पूर्ण ओळख आहे. संग्रहालयांतही असंख्य नाण्यांची नोंद अशीच असते. पुढे कधी अक्षर उघडं पडलं तर त्याच चिठ्ठीवर तारीख घालून भर घाला, जुनं खोडू नका. पाच आणि आठसाठी फक्त धातू, माप आणि वजन लिहा. घुबडाच्या चिठ्ठीवर 'प्रतिकृती' असं ठळक लिहा, कारण तुमच्या-बाबांच्या नंतर तो डबा कुणाच्या हाती जाईल ते आपल्याला माहीत नाही. शोधायला अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीची रोमन साम्राज्याच्या नाण्यांची सूची इंटरनेटवर फुकट आहे. तिथे टांकसाळ आणि मागचं चित्र निवडून यादी लहान करत जा, नाव सगळ्यात शेवटी.

आता पाचवं वेगळं ठेवा, तांब्याची बाकीची पाण्यात घाला, आणि तिसऱ्याचा छापा तिरप्या उजेडात चार बाजूंनी काढून पाठवा. मला मुकुटाच्या टोकापासून पुढची अक्षरं हवी आहेत. 'आय' नंतर लगेच उभा दांडा येतो की तिरकी रेघ, तेवढं दिसलं तरी 'एन' की 'व्ही' ते सांगता येईल.